सुई, गोळी आणि हाडांची पुंजी



आज ज्या विषयावर बोलायचं आहे तो घरात मोठ्यानं बोलला जात नाही. पाळणा लांबवण्याची साधनं आणि तरुण मुलींची हाडं यांचा एकमेकांशी काय संबंध, हे आपण पाहणार आहोत. सोलापुरात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जातो. 'मॅडम, ती तीन महिन्यांची सुई घेतली की हाडं ठिसूळ होतात म्हणे, खरं का?' असं एखादी सून विचारते. दुसरीची सासू मध्येच म्हणते, 'गोळ्या खाऊन खाऊन हिची कंबर गेलीय बघा.' आणि तिसरी काहीच विचारत नाही. कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं, ती घाबरते आणि पुढच्या तारखेला येतच नाही. सहा महिन्यांनी येते तेव्हा दिवस गेलेले असतात. त्या तिसरीला डोळ्यांसमोर ठेवून मी आज बोलणार आहे.

आधी एक गोष्ट मान्य करू. ही भीती निव्वळ अफवा नाही. तिच्यात तथ्य आहे, पण ते एका साधनापुरतं आहे, आणि त्यातही वयाचा नि काळाचा हिशेब आहे. तो हिशेब समजला की भीती उरत नाही, काळजी उरते. आणि काळजी घेता येते.

आता हाडांकडे वळू. हाड म्हणजे भिंतीतली वीट नव्हे. ते जिवंत असतं. जुनं हाड झिजवणाऱ्या पेशी आणि नवं हाड बांधणाऱ्या पेशी यांचं काम शरीरात अखंड चालू असतं. लहानपणी आणि वयात येताना बांधणाऱ्यांची सरशी असते. पाळी सुरू होण्याच्या आगेमागे जी चार-पाच वर्षं असतात, त्यांत हाडांची भर सगळ्यांत झपाट्यानं पडते. मुलीची अठरा वर्षं पुरी होतात तेव्हा तिच्या हाडांची सुमारे ९० टक्के पुंजी जमा झालेली असते. उरलेली थोडी पंचविशी-तिशीपर्यंत जमते. त्यानंतर आयुष्यभर त्या पुंजीतूनच खर्च करायचा असतो. पन्नाशीच्या आसपास पाळी गेली की हा खर्च एकदम वाढतो.

या जमाखर्चावर देखरेख करणारं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, आहे इस्ट्रोजेन. ते अंडाशयात तयार होतं आणि झिजवणाऱ्या पेशींना आवर घालतं. पाळी गेल्यावर हाडं का ठिसूळ होतात, याचं उत्तर इथं आहे. इस्ट्रोजेन आटलं की आवर घालणारा उरत नाही. म्हणून कुठल्याही साधनाबद्दल विचारायचा प्रश्न सोपा आहे. या साधनामुळे अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं का? आणि होत असेल, तर कुठल्या वयात आणि किती काळ?

याच कसोटीवर एकेक साधन घासून पाहू.

पहिली तांबी, म्हणजे कॉपर-टी. तिच्यात हार्मोन नाहीच. ती गर्भपिशवीत बसून आपलं काम करते, अंडाशयाला हातही लावत नाही. तांबीनं हाडं झिजत नाहीत. खासगीत मिळणाऱ्या हार्मोनच्या तांबीतही औषध फार थोडं असतं आणि ते मुख्यतः गर्भपिशवीतच काम करतं. तिचाही हाडांना त्रास नाही.

दुसरी 'छाया' गोळी. हिचं औषध लखनौच्या सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालं. पूर्वी ते 'सहेली' नावानं मिळायचं आणि २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात 'छाया' म्हणून आलं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची. हे स्टेरॉइड जातीचं हार्मोन नाही आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतं.

तिसरी रोजची गोळी, 'माला-एन' किंवा 'माला-डी'. एका पाकिटात २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या असतात. हार्मोनच्या प्रत्येक गोळीत इस्ट्रोजेन जातीचं औषध ३० मायक्रोग्रॅम असतं. अंडाशय विश्रांती घेतं, पण इस्ट्रोजेन बाहेरून मिळत राहतं. म्हणून पूर्ण वाढ झालेल्या बाईच्या हाडांवर या गोळीचा म्हणण्यासारखा वाईट परिणाम दिसत नाही. वाढीच्या वयातल्या मुलींचं मात्र थोडं वेगळं आहे. गोळी घेणाऱ्या कोवळ्या मुलींच्या हाडांत पडणारी भर इतर मुलींपेक्षा थोडी कमी पडते, असं काही अभ्यासांत आढळलं आहे. ज्या गोळ्यांत इस्ट्रोजेनचं प्रमाण आणखी कमी, म्हणजे २० मायक्रोग्रॅम असतं, त्यांच्याबाबत ही शंका जास्त आहे. कंबरदुखीचं खापर मात्र गोळीवर फोडू नका. विशी-पंचविशीतली कंबर बहुधा बसण्याच्या पद्धतीनं आणि अशक्तपणानं दुखते. शिवाय हाडांची घनता थोडी कमी झाली तरी ती दुखत नाही. ते काम चोरपावलांनी चालतं.

संबंधानंतर ७२ तासांत घ्यायच्या आणीबाणीच्या गोळीबद्दलही मुली विचारतात. तो एक डोस असतो आणि त्यानं हाडं झिजत नाहीत. पण ते नेहमीचं साधन नव्हे, हे लक्षात असू द्या.

आता सुईकडे येऊ. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या या इंजेक्शनचं औषधी नाव मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. आपल्याकडे खासगी दवाखान्यांत ते १९९० च्या दशकापासून मिळत होतं. सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून 'अंतरा' या नावानं मोफत मिळू लागलं. त्याआधी २०१५ मध्ये अनेक महिला संघटनांनी आक्षेप घेतले होते, आणि त्यांतला एक मुद्दा हाडांचाच होता. ही सुई अंडाशयाला झोपवते आणि गोळीसारखं बाहेरून इस्ट्रोजेन काही देत नाही. म्हणजे अंगातलं इस्ट्रोजेन खरोखरच खाली येतं आणि हाडांची घनता कमी होते. सगळ्यांत जास्त घट पहिल्या दोन वर्षांत होते, नंतर तिचा वेग मंदावतो. पाच वर्षं सलग सुई घेणाऱ्या प्रौढ स्त्रियांच्या मणक्याच्या हाडांत सरासरी पाच ते सहा टक्के घट आढळली आहे.

हे वाचून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं नोव्हेंबर २००४ मध्ये या औषधाच्या वेष्टनावर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. दुसरी साधनं चालत नसतील तरच ही सुई दोन वर्षांहून जास्त घ्यावी, असा तो इशारा आहे. पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी हाच पुरावा पाहिला आणि वेगळा तोल साधला. १८ ते ४५ वयाच्या स्त्रियांना हाडांच्या कारणानं ही सुई नाकारू नये. १८ च्या आतल्या मुली आणि ४५ च्या पुढच्या बायका यांच्या बाबतीत फायद्याचं पारडं सहसा जड असतं, पण तिथं विचार करून, वेळोवेळी फेरतपासणी करून द्यावी. दोघांचं म्हणणं वेगळं का? एकानं हाडाकडे पाहिलं, दुसऱ्यानं हाडाबरोबर नको असलेल्या बाळंतपणाकडेही पाहिलं.

आणि दिलासा देणारी गोष्ट अशी, की ही झीज बहुतांशी भरून येते. सुई थांबवली की अंडाशय जागं होतं, इस्ट्रोजेन परततं. मणक्याचं हाड दोन-तीन वर्षांत सावरतं, खुब्याच्या हाडाला जास्त वेळ लागतो. हाडं मोडण्याचं काय? ब्रिटनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुई घेणाऱ्या स्त्रियांची हाडं मोडण्याचं प्रमाण जास्त दिसलं खरं, पण त्याच स्त्रियांमध्ये ते सुई सुरू करण्याआधीही जास्तच होतं. म्हणजे सगळा दोष सुईचा म्हणता येत नाही.

मग मी वयाचा एवढा धोशा का लावते आहे? त्याचं कारण आपल्या जिल्ह्यात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. तिच्यात सोलापूर जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४० टक्के जणींचं लग्न अठरा पुरी होण्याआधीच झालेलं आढळलं. साऱ्या राज्याचं प्रमाण सुमारे २२ टक्के होतं. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दवाखान्यात समोर बसलेली मुलगी सोळा-सतरा वर्षांची असते, कडेवर मूल असतं, आणि 'दुसरं इतक्यात नको' एवढंच तिला सांगायचं असतं. तिच्या हाडांच्या खात्यात अजून भर पडायची असते. पंचविशीतल्या बाईला सुई दिली तर जमलेल्या पुंजीतून थोडं उसनं घेतलं जातं. सतराव्या वर्षी दिली तर जमा होण्याच्या दिवसांतच भरणा थांबतो. उसनं फेडता येतं. न झालेला भरणा पुढे किती भरून निघेल, हे तिच्या खाण्यापिण्यावर आणि पुढच्या बाळंतपणांवर ठरतं.

आता पारड्याची दुसरी बाजू. हाडांच्या भीतीनं सुईही नाही, गोळीही नाही, आणि दिवस राहिले, तर हाडं वाचतात का? पोटातल्या बाळाचा सांगाडा घडवायला सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. पुढे अंगावर पाजताना रोज सुमारे २०० मिलिग्रॅम कॅल्शियम दुधातून जातं. पाजणाऱ्या आईच्या मणक्याची घनता सहा महिन्यांत तीन ते पाच टक्क्यांनी, कधी त्याहूनही जास्त उतरते. दूध तोडल्यावर तीही भरून येते. निसर्गानंच तशी सोय केली आहे. पण ती भरून यायला वेळ लागतो, आणि एका पाठोपाठ एक बाळंतपण झालं तर तो वेळ मिळत नाही. म्हणजे पाळणा लांबवणं हीच मुळात हाडांची राखण आहे. साधन घ्यायचं की नाही, हा प्रश्नच नव्हे. कुठलं घ्यायचं, एवढाच प्रश्न आहे.

आता आपल्या घरात डोकावू. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. सकाळी सूप मांडीवर घेतलं की हजार विड्या पुऱ्या होईस्तोवर मांडी मोडत नाही. कुणी शिलाईच्या मशीनवर, कुणी टॉवेलच्या कामात, तीही घराच्या नाहीतर कारखान्याच्या छपराखाली. बाहेर चाळीस-बेचाळीस अंशांचं ऊन, आणि अंगात ड जीवनसत्त्वाची वानवा, असा प्रकार आपल्याकडे सर्रास दिसतो. ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियमही आतड्यातून नीट शोषलं जात नाही.

ताटाचा हिशेब मांडू या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. आपली ज्वारीची भाकरी गुणाची आहे, पण १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम २५ ते ३०. चार भाकरींत शंभर होत नाही. शेंगाचटणीनं चव येते, थोडी भर पडते. दूध कुठं जातं? पंढरपुरी म्हैस ही आपल्या भागाची शान, पण दूध आधी डेअरीला, मग मुलांना, मग सासऱ्यांना. सुनेच्या वाट्याला चहात पडेल तेवढं. एक पेलाभर दुधात साधारण २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तो एक पेला सुनेचा हक्काचा ठेवा, एवढं मी सासूबाईंना हात जोडून सांगते. दूध परवडत नसेल तर ताक घ्या. नाचणीत १०० ग्रॅमला ३५० च्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणून भाकरीच्या पिठात मूठभर नाचणी मिसळा. दोन चमचे तीळ रोज पोटात जाऊ द्या, संक्रांतीची वाट पाहू नका. हुलग्याचं माडगं, शेवग्याच्या पाल्याची भाजी, राजगिऱ्याची पालेभाजी हे सगळं आपल्याच मातीतलं आहे आणि महागही नाही.

गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत सरकारी दवाखान्यातून कॅल्शियमच्या गोळ्या मोफत मिळतात. रोज दोन घ्यायच्या असतात. अनेक घरांत त्या ट्रंकेत पडून राहतात. त्या घ्या. फक्त लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर दोन्ही एकमेकींच्या आड येतात.

उन्हाचं गणितही सोपं आहे. आपली सावली आपल्याहून आखूड असते तेव्हाच्या उन्हात अंगाला ड जीवनसत्त्व मिळतं. सकाळी दहाच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटं हातापायांवर ऊन घ्या. धुणं वाळत घालायचं काम त्या वेळेला ठेवलं तरी साधेल. हाडाला भार आणि हिसका लागला की ते मजबूत होतं. म्हणून मुलींना दोरीवरच्या उड्या मारू द्या, फुगडी घालू द्या, झिम्मा खेळू द्या. विडी वळणारीनं तासाभरानं उठून जिना चढउतार केला तरी फायदा आहे. आणि मिश्री सोडा. विडी-सिगारेटनं हाडं कमजोर होतात हे सिद्ध झालं आहे, आणि मिश्रीतही तोच निकोटीन असतो.

सुईबद्दल आणखी एक गोष्ट बोलायला हवी. तिनं पाळी अनियमित होते, पुष्कळ जणींची काही काळानं थांबते. मग घरात म्हणतात, खराब रक्त आत साठलं, पिशवी बिघडली. तसं काही होत नाही. रक्त तयारच होत नाही, तर साठणार कुठून? पण या समजुतीला घाबरून पिशवी काढायच्या गोष्टी सुरू होतात, आणि तिथं मात्र हाडांचा मोठा घात होतो. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्या आकड्याचा सुईशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण तरुण वयात पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर इस्ट्रोजेन कायमचं जातं. सुई बंद करता येते. काढलेलं अंडाशय परत बसवता येत नाही.

मग कुणी काय घ्यावं? थोडक्यात सांगते. अठराच्या आतली मुलगी असेल तर आधी तांबी किंवा 'छाया' यांचा विचार व्हावा. त्या चालत नसतील तर सुईही घेता येते, पण दोन वर्षांनी थांबून पुन्हा विचार करायचा. बाळंतपणानंतर ४८ तासांत तांबी बसवून घेता येते. अंगावर पाजणारीनं पहिले सहा महिने रोजची 'माला' गोळी घ्यायची नाही. सुई बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी चालते. दमा, संधिवात किंवा अन्य कशासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या फार काळ चालू असतील, थोड्याशा पडण्यानं पूर्वी हाड मोडलं असेल, वजन अगदीच कमी असेल, तर सुई घेण्याआधी डॉक्टरांना आवर्जून सांगा. हाडांच्या घनतेची महागडी तपासणी तरुण मुलींनी सरसकट करून घेण्याची गरज नाही. आणि सुई थांबवल्यावर पुन्हा दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हेही आधीच लक्षात घ्या.

पुरुष श्रोत्यांनाही एक सांगते. निरोधनं कुणाचं हाड झिजत नाही. पुरुष नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आहे, तरी आपल्या राज्यात ती करून घेणारे शंभरात एकही भरत नाहीत. हाडांची एवढी काळजी असेल तर ती वाटून घ्या.

शेवटी माहितीच्या हक्काबद्दल. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली, तरी त्यांनी 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून अखेरपर्यंत चालवलं. बाईला स्वतःच्या शरीराची माहिती असावी, हा त्यांचा आग्रह होता. पुढे १९८५ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरू इथं 'नेट-एन' या दुसऱ्या एका सुईच्या चाचणीसाठी बायकांना बोलावलं गेलं, आणि ही चाचणी आहे हे त्यांना नीट सांगितलेलं नव्हतं. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेनं १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. औषध चांगलं की वाईट हा वाद पुढेही चालला. पण न सांगता टोचायचं नाही, हा मुद्दा त्या बायकांनी ठणकावून मांडला.

म्हणून मैत्रिणींनो, दवाखान्यात, उपकेंद्रात किंवा आशाताईंना तीन प्रश्न विचारा. हे साधन माझ्या अंगातलं इस्ट्रोजेन कमी करतं का? माझ्या वयाला हे किती दिवस घेणं ठीक? आणि नको वाटलं तर थांबवून दुसरं काय घेऊ? उत्तर समजलं नाही तर पुन्हा विचारा, लाजू नका. आणि उत्तर मिळेपर्यंत चालू साधन मध्येच सोडून देऊ नका.